जारमधला केक : आरेची बाटली, मरोळची काच आणि आपला चौका



गेल्या काही वर्षांत वाढदिवस, राखी, दिवाळीच्या भेटी, सगळीकडे काचेच्या छोट्या जारमधला केक दिसू लागला आहे. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आणि सुना घरच्या घरी असे केक करून विकतात. त्यावरून दोन प्रश्न नेहमी येतात. ज्येष्ठ बायका विचारतात, "हे परदेशी खूळ आपल्या घरात कशाला?" आणि तरुण मुली विचारतात, "बिनअंड्याचा आहे, हिरवा ठिपका आहे, मग अडचण काय?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात. केक काचेत भाजायची युक्ती कोणाला सुचली, अंड्याशिवाय केक फुगवायचा मार्ग कोणी आणि कोणासाठी शोधला, आणि मुंबईच्या घराघरात काचेच्या बाटलीतून दूध कसे पोचले, हे तीन धागे वेगवेगळ्या देशांतून निघाले. तिन्ही धागे येऊन मिळतात ते आपल्या आरे कॉलनीच्या आसपास. म्हणून आजचा लेख पाककृतीपेक्षा इतिहासाचा आहे. शेवटी थोडी कृतीही सांगते.

फुटलेले भांडे आणि बॅटरीची बरणी

गोष्ट १९१३ सालची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग या गावी काचेचा मोठा कारखाना होता. गावाच्याच नावाने तो ओळखला जाई. तिथे जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ काम करत. त्यांची पत्नी बेसी. बेसीबाईंचे मातीचे नवे भांडे ओव्हनमध्ये एकदोनदाच वापरून तडकले. त्यांनी नवऱ्याला म्हटले, तुमच्या कारखान्यात एवढी मजबूत काच बनते, त्यातले काही आणून द्या, मी त्यात भाजून बघते.

ती मजबूत काच मुळात रेल्वेच्या कंदिलांसाठी तयार झाली होती. आत ज्योतीची धग आणि बाहेर पाऊस किंवा बर्फ, यामुळे साधी काच तडकायची. कंदील फुटला की इशारा दिसत नसे आणि अपघाताची भीती असे. म्हणून उष्णतेने फारशी न प्रसरणारी काच तिथल्या लोकांनी बनवली. त्याच काचेच्या बरण्या बॅटरीसाठीही होत. लिटलटन यांनी अशा दोन बरण्यांचे बूड कापून घरी आणले आणि बेसीबाईंनी त्यात स्पंज केक भाजला.

दुसऱ्या दिवशी तो केक कारखान्यात गेला. सहकाऱ्यांनी खाऊन पाहिला. बेसीबाईंनी सांगितलेले मुद्दे कोणत्याही गृहिणीला लगेच पटतील असे होते. केक लवकर भाजला गेला, सगळीकडून सारखा भाजला, भांड्याला चिकटला नाही, घासताना त्रास झाला नाही, आधीच्या पदार्थाचा वास राहिला नाही, आणि मुख्य म्हणजे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत होते. जुन्या काचेत शिसे होते, म्हणून स्वयंपाकासाठी शिशाविना वेगळी काच तयार करण्यात आली. १९१५ साली 'पायरेक्स' या नावाने ती भांडी बाजारात आली.

म्हणजे काचेच्या बरणीत केक भाजण्याची युक्ती कुठल्या हॉटेलातून आलेली नाही. भांडे फुटले म्हणून वैतागलेल्या एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून ती आली. बेसीबाईंचा केक अंड्याचा होता, हे खरे. ते अंडे कसे गेले ते पुढे येईलच.

तळेगाव, ओगलेवाडी आणि मग मरोळ

आपल्याकडेही काचेची कहाणी कंदिलापाशीच सुरू होते, याची मला गंमत वाटते. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना मांडली. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम पाहत. या कारखान्यात काचेबरोबर काच करणारे कारागीरही तयार झाले. पुढे ते देशभरच्या कारखान्यांत गेले.

त्यानंतर १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या जमिनीवर, ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील आपल्या आज्या-पणज्यांनी घरात पेटवलेला आहे. सांगली-कोल्हापूर भागातल्या आपल्या कितीतरी घरांत संध्याकाळी जेवण उरकून, भांडी घासून झाली की मगच तो कंदील लागत असे, कारण दिवा लागल्यावर जेवायचे नाही हा नियम. त्याची काच राखेने पुसून लख्ख ठेवणे हे घरातल्या मुलींचे काम.

मात्र त्या काळी ही काच ओव्हनमध्ये जाणारी नव्हती. आपल्याकडे ओव्हनच कुठे होते म्हणा! लोणच्याला चिनीमातीची बरणी आणि मेतकुटाला, साखरेला काचेची बाटली, एवढाच काचेचा स्वयंपाकघरात वावर.

आचेला टिकणारी काच आपल्या दाराशी आली ती साठच्या दशकात. १९६२ साली मुंबईत एक कंपनी स्थापन झाली, ती आज आपण 'बोरोसिल' म्हणून ओळखतो. तिला तंत्रज्ञान मिळाले ते त्याच कॉर्निंगकडून, बेसीबाईंच्या नवऱ्याच्या कारखान्याकडून. आणि बोरोसिलचा कारखाना होता अंधेरी पूर्वेला, मरोळला. गोरेगावहून आरेतून जाणारा रस्ता पुढे फुटतो, एक फाटा पवईकडे आणि एक मरोळकडे. म्हणजे हिरव्या झाडीतून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर ही काच वितळत होती. आधी प्रयोगशाळेच्या नळ्या आणि चंचुपात्रे बनली, मग हळूहळू घरातली भांडी आली. १९८८ मध्ये कॉर्निंगने आपला हिस्सा विकला आणि कंपनी पूर्णपणे भारतीय हातात आली. पुढे मरोळचा कारखाना बंद झाला आणि तिथे उंच इमारती आल्या. आज त्यांतल्या स्वयंपाकघरांत कोणी जारमध्ये केक भाजत असेल, तर आपण कोणत्या जमिनीवर उभ्या आहोत हे तिला ठाऊकही नसेल.

आरेची बाटली

आता दुधाकडे येऊ. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई शहरात ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते. अंधारी जागा, घाण, माश्या, आणि दुधात बेसुमार पाणी. याहून वाईट गोष्ट अशी, की शहरात आटलेली म्हैस सांभाळणे गवळ्याला परवडत नसे. दूध आटले की तिची वाट कत्तलखान्याकडे. आपल्या दुधाच्या पेल्यामागे ही हिंसा होती आणि ती कोणाला दिसत नव्हती.

मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी हे तबेले शहराबाहेर हलवण्याची योजना हाती घेतली. १९४९ साली गोरेगावच्या टेकड्यांवर आरे दूध वसाहत सुरू झाली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन आणि त्यावर गोठ्यांचे गट, ज्यांना 'युनिट' म्हणतात. आजही तिथला पत्ता 'युनिट नंबर अमुक' असाच सांगतात. सुमारे सोळा हजार जनावरे तिथे राहतील अशी सोय होती. या जमिनीवर वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आधीपासूनच होते आणि ते आजही आहेत, हेही विसरू नये. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिथल्या डेअरीचे उद्घाटन झाले. खुरोडींना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांच्याच नावावर आहे. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते स्वस्त आणि हलके करायचे, म्हणजे गरिबाच्या मुलालाही शुद्ध केलेले दूध परवडेल.

हे दूध घरी यायचे ते काचेच्या बाटलीत. तोंडावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे झाकण. झाकणावरून कोणते दूध ते कळायचे. पहाटे दूध केंद्रावर रांग, हातात कार्ड, आणि कालच्या रिकाम्या बाटल्या धुऊन परत द्यायच्या. केंद्रावर कॉलेजच्या मुली काम करत. सकाळी दोन तास बाटल्या देऊन त्या आपली फी भरत. 

त्या बाटलीचा मोठा गुण म्हणजे ती पारदर्शक होती. दूध दिसत होते, साय दिसत होती, कचरा असेल तर तोही दिसला असता. तोवर गवळ्याच्या मापावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. काचेने गृहिणीच्या हातात पहिल्यांदा तपासणी दिली. पुढे प्लास्टिकची पिशवी आली, बाटली गेली, आणि दुधाला रंगीत छापील आवरण आले. सोय झाली, पण दिसणे संपले.

आपल्या धर्मात 'दिसणे' ही छोटी गोष्ट नाही. धान्य निवडून घ्यायचे, पाणी गाळून घ्यायचे, पदार्थ उजेडात पाहून खायचा. सूर्यास्तापूर्वी जेवण्यामागेही हेच आहे. जे डोळ्यांनी नीट शोधता येत नाही ते तोंडात घालू नये. म्हणून मला वाटते, काचेची बरणी ही आपल्या चौक्याच्या विचाराला जवळची वस्तू आहे. आता तिच्यात काय भरायचे हा प्रश्न उरतो.

अंडे कसे गेले

जुन्या काळी केक फुगवायचे मुख्य मार्ग दोन होते. अंडी खूप फेटून त्यात हवा भरायची, किंवा यीस्ट घालून पीठ आंबवायचे. दोन्ही आपल्याला नकोत. अंडे तर नकोच, आणि यीस्टही आपल्या कितीतरी घरांत वर्ज्य आहे.

यावर तोड काढली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाने, आणि तीही आपल्या पत्नीसाठी. एलिझाबेथबाईंना अंडे सोसत नव्हते आणि यीस्टही सोसत नव्हते. म्हणून बर्ड यांनी १८३७ साली मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड बनवले, आणि १८४३ साली यीस्टविना पीठ फुगवणारी पूड. हीच आपली बेकिंग पावडर. तिच्यात खाण्याचा सोडा आणि कोरड्या रूपातले आम्ल एकत्र असते. ओलावा लागला की दोघे एकमेकांना भिडतात, वायू तयार होतो आणि त्याचे बुडबुडे मिश्रणाला वर उचलतात. दोन्ही एकाच डब्यात असूनही आधीच भिडू नयेत म्हणून मध्ये मक्याचे किंवा दुसरे पीठ ओलावा शोषायला ठेवतात. आपली ताकातली, सोडा घातलेली धिरडी फुगतात तीही याच तत्त्वावर. तिथे आम्ल ताकाचे असते.

बर्डसाहेबांच्या घरी अहिंसेचा विचार नव्हता, पत्नीच्या पोटाचा विचार होता. तरी त्या एका बाईच्या अडचणीने, नकळत, आपल्यासाठी दार उघडले.

पण अंडे काढले की केक कोरडा होतो, भुगा होतो. तिथे कामाला आले आटवलेले गोड दूध. युरोपात त्याचा पहिला कारखाना १८६६ साली स्वित्झर्लंडमधल्या काम या गावी निघाला. ती कंपनी पुढे नेस्लेमध्ये मिसळली. १९१२ पासून नेस्लेचा माल भारतात येऊ लागला आणि १९६१ साली पंजाबात मोगा इथे त्यांचा कारखाना उभा राहिला. आटवलेल्या दुधातली साखर ओलावा धरून ठेवते आणि दुधातली प्रथिने अंड्यासारखी बांधणी देतात. डब्यासोबत मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकांतून बिनअंड्याचा केक आपल्या समाजात पसरला. ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आठवतो ना, झाकणाला मध्ये काचेची छोटी खिडकी असलेला? तोही नसेल तर कुकरची शिट्टी काढून, तळाला वाळू किंवा मीठ पसरून त्यात डबा ठेवायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्या आया-मावश्यांनी असे केक केले आणि मुलांचे वाढदिवस साजरे केले.

आज काही तरुण मुली एक पाऊल पुढे जाऊन दूधही सोडत आहेत. आटलेल्या म्हशीचे पुढे काय होते, हा प्रश्न आरेची वसाहत झाल्याने संपलेला नाही, असे त्या म्हणतात, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. त्यांच्यासाठीही इतिहासात वाट आहे. अमेरिकेत टंचाईच्या काळात अंडे, दूध, लोणी यांपैकी काहीही न घालता केक करत. सोडा, व्हिनेगर, तेल आणि पाणी एवढ्यावर तो फुगे. व्हिनेगर आंबवलेले असते म्हणून आपण त्याऐवजी लिंबाचा रस घ्यावा. केक तितकाच हलका होतो.

झाकण लावण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि मैत्रिणींनो, घरून केक विकणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

काचेच्या बरणीत अन्न टिकवण्याची विद्या फ्रान्सच्या निकोला आपेर यांची. सैन्याला टिकाऊ अन्न पुरवण्यासाठी त्यांनी बरण्यांत अन्न भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत बसवली. १८१० मध्ये त्यांना सरकारकडून बारा हजार फ्रँकचे बक्षीस मिळाले. १८५८ मध्ये अमेरिकेत जॉन मेसन यांनी आटे असलेल्या तोंडाच्या बरणीचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला 'मेसन जार' म्हणतो तो हाच.

या दोन गोष्टी जोडून पुढे तिथे एक टूम निघाली. जारमध्ये केक भाजायचा, गरम असतानाच झाकण लावायचे, थंड होताना आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसते. मग म्हणे तो केक फळीवर महिनोनमहिने राहतो. दूरच्या नातलगांना पाठवायलाही सोयीचा.

अमेरिकेतले अन्नसुरक्षेचे तज्ज्ञच हे करू नका असे सांगतात. कारण समजून घ्या. केक ओलसर असतो, आंबट नसतो आणि बंद जारमध्ये हवा नसते. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूला वाढायला नेमके हेच हवे असते. ओव्हन १८० अंशांवर असला तरी केकच्या आत ओलावा असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि या जिवाणूचे बीज तेवढ्याने मरत नाही. त्याला दाबाखाली १२१ अंश लागतात. त्याचे विष रंगावरून, वासावरून कळेलच असे नाही, आणि ते जीवघेणे असते.

आता आपल्या परंपरेकडे पाहा. आपल्याकडे प्रत्येक पदार्थाला मर्यादा आहे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दूध काढल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत गाळून तापवायचे आणि मग ते चोवीस तास चालते. पाण्याचा अंश असलेला, शिजवलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी चालत नाही. पंथाप्रमाणे आणि घराप्रमाणे यात थोडाफार फरक असतो, पण मुद्दा एकच. ओलावा आणि काळ एकत्र आले की जीवोत्पत्ती होते. सूक्ष्मदर्शक नसताना आपल्या आचार्यांनी ओलावा, ऋतू आणि वेळ या तीन गोष्टींवर नियम बसवले. प्रयोगशाळेतही अन्न किती टिकेल हे पाहताना पाण्याचा अंश, तापमान आणि वेळ याच गोष्टी मोजतात.

म्हणून 'तीन महिने टिकणारा जार केक' असे कोणी म्हटले, तर तो आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचा आहे आणि आपल्या मर्यादेच्याही बाहेरचा आहे. झाकण हे धूळ आणि मुंगी लागू नये म्हणून असावे, काळ थांबवण्यासाठी नसावे. आज केला, आज खाल्ला, सूर्यास्ताआधी संपवला, हा आपला केक. गिऱ्हाइकाला तो दुसऱ्या शहरात कुरियरने हवा असेल तर नम्रपणे नाही म्हणावे. एक ऑर्डर गेली तरी चालेल, आपल्या हातून कोणाला अपाय व्हायला नको.

हिरव्या ठिपक्याबद्दलही एक शब्द. आपल्या देशाच्या नियमात अंडे घातलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, तेवढी खात्री ठिपका देतो. पण यीस्ट आणि मध असलेल्या पदार्थालाही हिरवा ठिपका मिळतो. म्हणून ठिपका पाहून थांबू नका, घटकांची यादी वाचा. आणि हेही स्पष्ट सांगते, डेअरीचे दूध, डबाबंद दूध, बाजारची पूड घातलेला केक हा मुनी-माताजींच्या आहाराच्या चौक्यातला पदार्थ नव्हे. अष्टमी-चतुर्दशीला किंवा दशलक्षणात ज्यांचे नियम आहेत त्यांनी तो बाजूलाच ठेवावा. तो मुलांच्या आनंदाचा पदार्थ आहे, तेवढ्याच मानाने घरात यावा.

करायचाच असेल तर

पहिली गोष्ट काचेची. जॅमची, लोणच्याची किंवा जुन्या दुधाची बाटली ओव्हनमध्ये ठेवू नये. ती साधी काच असते. बोरोसिलिकेट काच उष्णतेने साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती टिकते. बरणीवर ओव्हनसाठी चालते असे लिहिलेले असेल तरच वापरा. तशी बरणी नसेल तर केक डब्यात भाजून, गार करून, त्याचे थर काचेत लावा. बाजारातले बरेच जार केक असेच केलेले असतात, त्यात कमीपणा काही नाही.

चार छोट्या बरण्यांसाठी एक वाटी ताजी दळलेली, चाळलेली कणीक, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा एकत्र चाळून घ्यावा. अर्धा डबा, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम, आटवलेले दूध आणि पाव वाटी पातळ केलेले लोणी फेटावे. त्यात पीठ आणि लागेल तसे अर्धी वाटीपर्यंत दूध घालावे. वेलदोड्याची पूड घातली की आपल्या घरचा वास येतो. बरण्यांना आतून तूप लावून त्या अर्ध्याच भराव्यात, कारण मिश्रण फुगून वर येते. झाकण न लावता, ट्रेमध्ये ठेवून, १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. मिश्रण थंड असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. गरम बरणी ओल्या ओट्यावर किंवा थंड फरशीवर कधीही ठेवू नये, कोरड्या जाड फडक्यावर ठेवावी. आच सोसणारी काचसुद्धा एकदम थंड झाली तर तडकू शकते.

भाजताना ओव्हनचा दिवा लावून पाहत बसायला मुलांना सांगा. बुडबुडे काचेला चिकटून वर कसे चढतात ते त्यांना दिसेल. विज्ञानाचा धडा होईल आणि आपण खातो ते कसे बनते हे पाहायची सवयही लागेल.

मग हे खूळ कोणाचे?

पहिल्या प्रश्नाकडे परत येते. काचेत केक भाजला तो एका बाईने, भांडे फुटले म्हणून. बिनअंड्याची पूड निघाली ती दुसऱ्या बाईला अंडे सोसत नव्हते म्हणून. काचेच्या बाटलीतून दूध वाटले ते कॉलेजच्या मुलींनी, फी भरायची होती म्हणून. काच वितळली आपल्या मरोळला आणि दूध आले आपल्या आरेतून. याला पूर्णपणे परदेशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की अंडे काढले म्हणजे केक आपला झाला असे होत नाही. तो आपला होतो तेव्हा, जेव्हा आपण त्याला आपली मर्यादा लावतो. काय घातले ते पाहायचे, किती वेळ झाला ते मोजायचे, उजेडात खायचे, आणि विकत असू तर दुसऱ्याच्या ताटातही तेच वाढायचे जे आपण आपल्या मुलाला देऊ.

घरून जार केक विकणाऱ्या ज्या मैत्रिणी हे वाचत असतील त्यांना एकच विनंती. बरणीवर आपल्या नावाच्या चिठ्ठीत केल्याचा दिवस आणि वेळ लिहा, आणि 'आजच संपवा' एवढे दोन शब्दही. काच पारदर्शक आहेच, वेळही तितकीच स्पष्ट दिसू द्या.

जय जिनेंद्र.